नको ते काढून टाकणारी

गल्लीत तिला सगळे झाडूबाई म्हणत. घरातला झाडू तिने क्वचितच हातात धरला असेल, हवं तर नवऱ्याला विचारा. पण फोन तिच्या दुरुस्तीच्या टेबलावर आला की लख्ख होऊनच बाहेर पडायचा. कंपनीने आधीच भरून पाठवलेली ॲप तिच्या डोळ्यांत खुपत. गिऱ्हाईक चार्जिंगची पिन बदलायला आलेलं असायचं आणि ही विचारायची, हे बातम्यांचं कुणी मागवलं होतं? कुणीच मागवलेलं नसायचं. मग ती फोन वायरने कॉम्प्युटरला जोडून हात धुवून असल्या ॲपच्या मागे लागायची.

अलीकडे लोक तिच्याकडून एक वेगळी सिस्टिम टाकून घेत होते, फोनमधली माहिती बाहेर जाऊ न देणारी. पण तिच्यातही बनवणाऱ्यांनी आपली म्हणून चार ॲप बसवलेली असत आणि ती काढायला बटणच नसे. राखणदारानेच पाहुणे आणून बसवावेत तसा प्रकार. झाडूबाई तीही उपटून काढी.

ही सिस्टिम तिने बाबांच्या फोनवरही टाकली होती. बाबा घड्याळजी, दुकान मुळात त्यांचं आणि बारीक स्क्रू पेलणारा हातही त्यांनीच तिला दिलेला. आई गेल्यापासून ते दोन रस्ते पलीकडे एकटे राहत. दादाने, म्हणजे तिच्या थोरल्या भावाने, त्यांना बजावून ठेवलं होतं: स्वतःचं स्वतः होतंय तोवर इथे, नाहीतर माझ्याकडे. दादाचं घर दुसऱ्या शहरात आणि दादा शब्दाचा पक्का. बाबांनी त्याची धास्तीच घेतली होती.

रविवारी बाबांचा फोन बघताना तिला डोळ्याची खूण असलेलं एक ॲप दिसलं. सिस्टिमबरोबरच आलेलं, तिच्या हातून काढायचं राहून गेलेलं. दिवसभर सारखं कॅमेरा उघडत होतं.

"राहू दे ना ते," बाबा म्हणाले.

का राहू दे, ते मात्र सांगेनात. तुम्हाला त्यातलं नाही कळायचं, असं म्हणून तिने ते काढून टाकलं. एकदा उघडून बघायला काय झालं होतं? पण माणूस स्वतःला शहाणा समजू लागला की बघण्याची गरज उरत नाही. बाबांनी फोन खिशात टाकला आणि ती खुशीत घरी गेली.

मंगळवारी दुपारी तिने दुकानातून नेहमीसारखा त्यांना फोन लावला. बाबांची जीभ जड झाली होती. हात थरथरतायत, घाम सुटलाय, रक्तदाबाची गोळी घेतली तरी बरं वाटेना म्हणून आणखी एक घेतली, असं काहीसं ते म्हणाले.

"कुठल्या पाकिटातली? नाव वाचा बरं."

पलीकडे पाकीट चुरचुरलं.

"बाबा, चष्मा लावा आणि वाचा."

"लावलाय. अक्षरं दिसतच नाहीत गं मला. वर्ष झालं. फोन कॅमेऱ्यातून बघून वाचून दाखवायचा. ते डोळ्याचं तू काढलंस."

गोळ्यांची दोन्ही पाकिटं एकाच मापाची होती, तीच आणून द्यायची. दुसऱ्या पाकिटातली गोळी मधुमेहाची. ती दोनदा पोटात गेली असेल, तर रक्तातली साखर झपाट्याने उतरत होती.

"साखरेचा डबा हाताला लागतोय? मुठी भरून तोंडात टाका. फोन ठेवू नका."

दुकान उघडं टाकून ती धावत सुटली, फोन कानाशी धरून. डब्याचं झाकण खाली पडल्याचा आवाज आला. खुर्ची सरकली. मग काहीच ऐकू येईना. बाबा, बोला, नुसतं हूं म्हणा, असं ती रस्ताभर म्हणत होती आणि माणसं वळून बघत होती. तिला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती.

आपल्याकडच्या किल्लीने तिने दार उघडलं. बाबा ओट्याला टेकून जमिनीवर बसले होते, सदरा घामाने चिंब, ओठांवर साखर. ते सावकाश चावत होते. शेजाऱ्यांच्या मदतीने तिने त्यांना दवाखान्यात नेलं. त्या गोळीचा अंमल लवकर उतरत नाही, आज इथेच राहू दे, असं सांगून डॉक्टरांनी सलाइन लावलं.

संध्याकाळपर्यंत बाबांचा आवाज नीट झाला. तिने माफी मागायला तोंड उघडलं, पण त्यांनीच आधी विचारलं.

"आता मला दादाकडे हलवणार?"

झाडूबाईकडे प्रत्येक गोष्टीचं उत्तर तयार असे. आज मात्र माहीत नाही, एवढंच ती म्हणाली.

"तुम्ही दोघं काय ठरवायचं ते ठरवा," बाबा छताकडे तोंड करून म्हणाले. "पण आधी मला विचारा. मी अजून आहे."

तिच्या पर्समधला फोन वाजू लागला. दादाचा होता, शेजाऱ्यांनी त्याला कळवलं असणार. तिने तो उचलला, पण हॅलो म्हटलं नाही. बाबांचा हात शोधून तिने फोन त्यांच्या मुठीत दिला आणि उठून बाहेर जाऊन बसली.