समुद्र ऐकू येत नाही ती जागा

श्यामन मांगावात तैवानजवळच्या लानयू बेटावरच्या वीजघरात कामाला आहे. मांगावात हे त्याच्या मुलाचं नाव. मूल झालं की आमच्याकडे माणसाचं स्वतःचं नाव मागे पडतं आणि तो श्यामन अमुक, म्हणजे अमक्याचा बाप, होतो. मुलगा समुद्रापलीकडे तायतुंगला गाड्या दुरुस्त करतो. बाप इथे डिझेलच्या जनरेटरांमध्ये उभा असतो. तिथे कुणाशी बोलायचं तर हातवारे करावे लागतात. कानांवर लावायची टोपणं त्याला मिळतात, पण घाम येतो म्हणून तो ती गळ्यात अडकवतो. तरुणपणापासून तसंच चाललं आहे.

त्यामुळे त्याच्या कानांत एक घूं असा आवाज राहायला आला. काम सुटलं तरी तो सुटत नाही. वादळात तारा तुटून गावभर वीज जाते तेव्हा त्याची बायको, सिनान मांगावात म्हणजे मांगावातची आई, शेजारणींना ऐकू जाईल अशा बेताने म्हणते, “सगळ्या गावात अंधार, पण आमच्याकडे यांच्या डोक्यात वीज चालू आहे. कुणाला पंखा लावायचा असेल तर या!”

सुटीच्या दिवशी श्यामन मांगावात डोंगरात जातो. चार उकडलेली रताळी आणि पान-सुपारी घेऊन तो सकाळी निघतो आणि संध्याकाळी चिखलाने माखून परत येतो. वर करतोस काय, असं कुणी विचारलं तर सांगतो, “काही नाही. चालतो, बसतो.” गावात हा छंद थोडा विचित्रच समजला जातो. इथे माणूस डोंगरात जातो तो लाकडासाठी, नाहीतर वेतासाठी. नुसतं बसायला समुद्रकाठ आहेच.

गेल्या हिवाळ्यात मात्र त्याला कामासाठी जावं लागलं. घरातली होडी कुजली होती आणि नव्या होडीच्या तळातल्या कण्यासाठी झाड हवं होतं. झाड होतं. त्याच्या बापाने ते कोवळं असतानाच त्याच्यावर कुळाची खूण कोरली होती, भोवतीचे वेल तोडून वाढवलं होतं. पण बाप वारला, आणि ते कुठे आहे हे आता एकट्या चुलत्याला, श्यापेन तोपोयानला म्हणजे तोपोयानच्या आजोबाला, ठाऊक होतं. चुलता ऐंशीच्या पुढचा. त्याचे गुडघे गेलेले. दिवसभर तो घरासमोरच्या पाठ टेकायच्या दगडाशी समुद्राकडे तोंड करून बसलेला असतो. उडत्या माशांचा हंगाम सुरू झाला की डोंगरातल्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही, असा इथला नियम आहे. म्हणजे झाड हंगामाच्या आत पाडायला हवं होतं. नाहीतर होडी पुढच्या वर्षावर गेली असती, आणि चुलत्याला पुढचं वर्ष दिसेल याची खात्री नव्हती. त्याला एकदा नव्या होडीच्या कण्यावर हात ठेवायचा होता. तसं तो बोलला नव्हता. पण त्याने कुऱ्हाडीला धार लावून ठेवली होती.

डोंगरातल्या कामाचा बेत घरात उघड बोलायचा नाही. अनितो, म्हणजे मेलेल्यांचे फिरते जीव, ऐकत असतात. मेलेल्या माणसाचं नावही घ्यायचं नाही. म्हणून चुलत्याने जागा सांगितली ती गोष्ट सांगावी तशी.

“एक माणूस होता. ओढ्याच्या काठाने वर चढायचा. चढता चढता समुद्र ऐकू यायचा बंद व्हायचा. मग तो ओढा सोडून उजवीकडे वळायचा. ओढाही ऐकू येईना झाला की थांबायचा. आपल्या या बेटावर समुद्रही नाही आणि पाणीही नाही अशी डोंगराची तेवढी एकच घडी आहे. तिथे तो बसून सुपारी खायचा.”

“आणि मग?”

“मग काय, पिचकारी टाकायचा. अजून काय सांगू?”

 कानांतल्या घूंमुळे आपल्याला समुद्र बंद झालेला कळायचा नाही, हे श्यामन मांगावातने चुलत्याला सांगितलं नाही.

पहिल्या दिवशी तो पहाटेच निघाला. वीजघराच्या फाटकाशी पाळीवरचा मुख्य झुआंग उभा होता. झुआंग तैवानचा, स्वभावाने भला.

“अरे, आज सुटी ना तुझी? कुऱ्हाड घेऊन कुठे? डोंगरात का? झाड तोडायला?”

श्यामन मांगावात जागच्या जागी वळला आणि घरी आला. बायको रताळी सोलत होती. तिने त्याच्याकडे पाहिलं.

“भेटला वाटतं कुणीतरी.”

“झुआंग.”

“सगळं विचारलं?”

“सगळं. आता अनितोंना पत्ताही मिळाला, कामही कळलं.”

“मग आज छपराचं बघा. त्याच्याबद्दल कुणी विचारत नाही.”

पुढच्या सुटीला तो गावामागच्या अळूच्या खाचरांतून, बांधावरून गेला. पाऊस भुरभुरत होता. ओढ्याच्या काठाने चढताना नेच्यांची पानं डोक्यावर मिटत गेली. हातभर रुंदीच्या फळ्या उभ्या कराव्यात तशी झाडांची मुळं जमिनीतून निघालेली, आणि त्यांच्या कोपऱ्यांत पाणी साचून राहिलेलं. वर ढग झाडांत शिरले होते. एकेक खोड धुक्यातून पुढे येई आणि आपण गेलो की मागे सरे. या वाटेने तो कितीदा आला होता, तरी दर वेळी इथे त्याचं पाऊल आपोआप हलकं पडे.

समुद्र कधी थांबला, ते त्याला कळलं नाही. घूं चालूच होती. तो एका दगडावर बसला आणि ती थांबायची वाट पाहू लागला. ती थांबली की जागा सापडली, असा त्याचा हिशोब. तो तीन-चार ठिकाणी बसला. घूं थांबली नाही. अंधार पडायच्या आत तो रिकाम्या हाताने उतरला.

चुलता म्हणाला, “मासाही नाही, झाडही नाही. दिवसभर केलंस काय?”

“बसलो.”

“चांगलं बसतोस. पण कुठे बसायचं तेवढं शीक.”

त्यानंतर आठवडाभर त्याची पाळी होती. शेवटच्या दिवशी तो कामावरून सुटून बाहेर आला. रस्त्याच्या वळणावर जनरेटरांचा आवाज मागे पडला आणि कानांतली घूं वर आली. हे रोजच व्हायचं. जनरेटरांजवळ असताना ती कधीच ऐकू येत नसे. घरी दार लावून पडलं की कान फाडायची. श्यामन मांगावात त्या वळणावर उभा राहिला. बाहेर जितकं शांत, तितकी आत घूं मोठी. आपण इतके दिवस उलटं शोधत होतो, हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं.

तिसऱ्या खेपेला त्याने समुद्राचा विचार सोडून दिला. तो घूं ऐकत चढला. ओढ्याच्या खळखळाटात ती बारीक होती. एका उंचवट्यामागे ती एकदम फुगली. तिथे समुद्राचा आवाज सुटला असावा. तो उजवीकडे वळला. डावीकडे सरकलं की ती उतरे, उजवीकडे चढे. तो आंधळ्यासारखा पावलापावलाने पुढे जात राहिला. मग तो डोंगराच्या एका घडीत उतरला आणि घूं इतकी मोठी झाली की त्याने दोन्ही कान दाबले. त्याने काहीही फरक पडला नाही. बाहेर काही नव्हतंच.

त्याने वर पाहिलं. झाड समोर होतं. एकाच्या कवेत मावणार नाही असं खोड सरळ ढगात गेलेलं. त्याच्या उंच मुळांमध्ये माणसाने घर केलं असतं. एक पानही हलत नव्हतं. ओल्या सालीवरून पाण्याचा थेंब उतरला, शेवाळात पडला. तो पडलेला त्याने फक्त पाहिला. बापाची खूण सालीत बुजली होती. पण एके ठिकाणी साल जुन्या जखमेसारखी आत ओढली होती, तिथे त्याने तळवा ठेवला. मग तो खाली बसला. या जागी माणूस काही करत नाही, बसतो, हे बापालाही माहीत असणार. घूं चालू होती. तिचा त्याला पहिल्यांदाच त्रास झाला नाही. सुपारी त्याने खाल्ली, पण पिचकारी टाकायला लांब गेला.

झाड पाडायला चुलतभाऊ आले. आधी झाडाशी बोलायचं असतं, ते श्यामन मांगावात बोलला: तुला ज्याने वाढवलं त्याचा मी मुलगा, आता समुद्रावर चल. दुपार कलता झाड गेलं. आपल्याबरोबर वेल, फांद्या आणि शेजारची दोन झाडं घेऊन गेलं. घडीत अचानक वरचं आभाळ उघडं पडलं. आणि सगळ्या चुलतभावांनी एकदमच माना एका बाजूला वळवल्या.

“काय?” त्याने विचारलं.

“समुद्र,” धाकटा म्हणाला. “ऐकू येतोय.”

तिथेच कणा ढोबळ तासून, दोर लावून, त्यांनी तो दोन दिवसांत खाली आणला. चुलत्याच्या दगडापाशी ठेवला. हंगाम अजून लागला नव्हता. म्हाताऱ्याने लाकडावर हात फिरवायला सुरुवात केली. बोटं एका जागी थांबली. साल गेली होती, तरी खूण आत लाकडापर्यंत पोचलेली.

“झाड पडल्यावर काय ऐकलंस?”

“मी? माझं नेहमीचंच.”

“ठाऊक आहे मला. तुझी बायको गावभर सांगत असते. बाकीच्यांनी काय ऐकलं?”

“समुद्र.”

चुलत्याने एक बोट खुणेवर टेकवलं. मग म्हणाला, “म्हणजे माझी गोष्ट संपली, आता तिथेही समुद्र आला. दुसऱ्या झाडावर खूण केलीस?”

“केली. त्याच घडीत, वरच्या अंगाला. कोवळं आहे.”

“मांगावातला ते कसं सांगशील? त्याला तुझे कान नाहीत.”

“येऊ दे त्याला. बरोबर नेईन.”

“बोलू नकोस मोठ्याने,” चुलता म्हणाला आणि खुणेवरचं बोट न उचलता त्याने आजूबाजूला पाहिलं.