मी गावातच राहतो

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, तेही अडखळत.

मी आमच्या वाडीचा पोलीस पाटील. तळेघरच्या वर, भातखाचरं संपतात तिथे आमची वाडी. तिथला पहिला पदवीधर मी. बी.ए. झालो तेव्हा वाडीने शाल घातली, गोडाचं जेवण केलं. ते उपकार मी विसरलो नाही — म्हणजे, विसरलो नाही असं म्हणायची मला सवय आहे.

या पदाला एक अट असते. माणूस त्याच गावात राहणारा हवा. मारामारी झाली, कुणी दगावलं, तर पोलीस यायच्या आधी तो दारात सापडला पाहिजे. आणि मी? मी तेव्हाही मंचरला राहत होतो, आजही राहतो. मुलांची शाळा, माझे क्लास — वाडीत राहून कसं भागलं असतं?

अर्ज दोघांचे होते. दुसरा सखारामभाऊचा. दहावी झालेला, जन्म वाडीत गेलेला. चौकशीला तालुक्याहून साहेब यायचे होते. आमच्याकडे माणूस गावात आहे की नाही, हे त्याच्या चुलीवरून ओळखतात. मी शेजारच्या शांताकाकीला किल्ली दिली. तिने माझ्या बंद घरात चूल पेटवली, भाकरी थापल्या, चार भांडी मुद्दाम खरकटी ठेवली. "लई दिसांनी धूर निघाला बघ या घरातनं. पाल पण दचाकली," म्हणून हसली. मीही हसलो.

एवढंच असतं तर — पण एवढंच नाही. साहेबांना मी बाजूला घेऊन सांगितलं, सखाराम तर सुगीनंतर नारायणगावकडे मजुरीला जातो, तो कसला रहिवासी? अर्धी वाडी जाते. माझे वडील जायचे. त्यांच्या त्याच मजुरीवर मी शिकलो. साहेबांनी विचारलं तेव्हा सखारामभाऊ म्हणाला, "जातो साहेब. पोटाला जावं लागतंय." खरं बोलला आणि बाद झाला.

मग कमल. वाडीतलीच सून. नवरा मारायचा. एका दुपारी ती माझ्या दारात आली — दाराला कुलूप. वाडीत फोनला रेंज नाही. काकीने तिला सांगितलं, पाटील मंचरला असत्यात. तरी ती दिवस मावळेपर्यंत माझ्या ओट्यावर बसून होती. मग घरी गेली. दुसरीकडे कुठे जाणार होती? सकाळी विहिरीत सापडली.

पोलिसांनी विचारलं, तुमच्याकडे काही तक्रार? मी म्हणालो, नाही साहेब, मी घरीच होतो. काकी तिथेच उभी होती. ती बोलली नाही. कशी बोलणार? चूल तिनेच पेटवली होती — माझ्यासाठी.

पुढे कमलची आई आली. "पाटील, माझी पोर तुमच्याकडं आली व्हती का?"

मी नाही म्हणालो.

ती म्हणाली, "मंग तिचीच चुकी. तुमी इतकं जवळ, आन् एक शबूद बोलली न्हाई. येडी."

अजून घोडेगावच्या बाजारात भेटते. मला हात जोडते, आणि लेकीलाच बोल लावते. मी ऐकतो. मान हलवतो.