जेवलेल्या माणसाचं रक्त

"नाटक करते ही, मॅडम. मशीन खोटं बोलतं का?"

गंजाडजवळच्या चिकू सुकवण्याच्या कारखान्याचे मॅनेजर माझ्या डहाणूच्या लॅबमध्ये उभे होते. शेजारी बसलेल्या सविताच्या बोटाला त्यांनी स्वतःचं ऑक्सिमीटर लावलं होतं. आकडा नव्व्याण्णव.

२०१७चा पावसाळा. ऊन नाही, म्हणून फोडी कोळशाच्या भट्टीवर, दारं लावून सुकवत. सविता तिथं ट्रे ने-आण करायची. रोज दुपारी तिचं डोकं ठणकायचं, दोनदा ती चक्कर येऊन पडली. साहेबांचं निदान तयार होतं: ताडी. पुढचा रिपोर्टही नॉर्मल आला, तर तिचं काम बंद.

मला कार्बन मोनॉक्साइडचा संशय होता. कोंडलेल्या जागेत कोळसा जळला की हा वायू होतो. वास नाही, रंग नाही. रक्तात तो ऑक्सिजनची जागा बळकावतो आणि बोटावरच्या मशीनला दोघांतला फरक कळत नाही. खरं मोजायचं तर सिरिंज सीलबंद करून, बर्फात ठेवून तलासरीवरून वापीच्या मोठ्या लॅबला पाठवावी लागते. आधी एकदा पाठवली होती. रिपोर्ट स्वच्छ.

"तुला बरं कधी वाटतं?" मी सविताला विचारलं.

"घरी गेलं का बरं वाटतं, म्याडम. कामावर आलं का परत तेच."

मग लक्षात आलं. साहेब तिला सकाळी, कामाच्या आधी, उपाशीपोटी पाठवत. रक्त द्यायचं म्हणजे उपाशीपोटीच, ही आपल्याकडची श्रद्धा! रक्तात चढलेला वायू थोडासाच; मोकळ्या हवेत रात्र काढली की सकाळपर्यंत निघून जातो.

"उद्या दुपारी कारखान्यात येऊन रक्त घेते," मी म्हणाले.

"जेवलेल्या माणसाचं रक्त काय कामाचं?" साहेब हसले. "बरं, माझंही घ्या. मी ताडी-विडीला शिवत नाही. फरक कळेल तुम्हाला."

दुसऱ्या दिवशी दोघांचं रक्त घेतलं. साहेबांची केबिन भट्टीला लागूनच, मध्ये फक्त प्लायवूड. एसीसाठी खिडक्या बंद. भट्टीच्या खोलीची दारं उघडी ठेवा म्हटलं, तर म्हणाले, "गरमी निघून जाते."

रिपोर्ट आला. सविताचं प्रमाण वाढलेलं होतं. साहेबांचं तिच्याहून जास्त. ती निदान ट्रे घेऊन बाहेर तरी जायची.

मी साहेबांना फोन करून दोन्ही आकडे सांगितले.

"मॅडम, मशीन बिघडलंय का?"

"मशीन खोटं बोलतं का, साहेब? आधी भट्टी विझवा आणि सगळ्यांना बाहेर काढा. तुमचं डोकं दुखत नाही?"

"दुखतं ना, महिनाभर. पण ती ॲसिडिटी आहे. गोळ्या चालू आहेत."

म्हणजे एकाच भिंतीच्या अलीकडे ॲसिडिटी आणि पलीकडे ताडी! मला हसू आलं, आणि संतापही.

त्याच आठवड्यात धुराडं उंच झालं, भिंतीत एक्झॉस्ट फॅन बसले, दारं उघडी राहू लागली. सविताचं काम टिकलं. तिच्या दुखण्यासाठी मात्र कुणी साधी खिडकीही उघडली नव्हती.

तेव्हापासून कामगारांचं रक्त घ्यायला गेले की मी साहेबांचंही घेते. रिपोर्टवर कारवाई लवकर होते.