शेवट लायब्ररीत मिळेल

महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये सांगलीला बसलं की थेट गोंदियालाच उतरायचं. मध्ये एक अख्खी रात्र आणि दोन अर्धे दिवस जातात, आणि तरी आपण राज्याबाहेर पाऊल ठेवलेलं नसतं. डब्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी, आणि डोक्यात एकच विचार: आमच्या ह्यांची पुस्तकं नीट आहेत ना.

मी एकतीस वर्षं एका सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल होते. पानाचा कोपरा दुमडला तरी दंड. 'नियम म्हणजे नियम' हे माझं वाक्य इतकं गाजलेलं की वाचनालयाच्या पायरीवर पोरं माझी नक्कल करत. ह्यांनाही सोडलं नव्हतं. लग्नानंतर पहिल्याच वर्षी वाचनालयाच्या पुस्तकात पेन्सिलीने काहीतरी खरडून आणलं, तर सगळ्यांसमोर दंड भरायला लावला. तेव्हापासून हे स्वतःचीच पुस्तकं विकत घेऊन वाचू लागले. घरात त्यांची दोन कपाटं झाली. मी त्यांना कधी हात लावला नाही. दिवसभर पुस्तकंच उचलायची, वर घरी आल्यावर आणखी कशाला?

हे शाळेत मास्तर होते, मास्तर म्हणूनच निवृत्त झाले. बरोबरीचे सगळे हेडमास्तर झाले. मी आयुष्यभर टोमणा मारला, "तुम्ही आपले साधे मास्तरच राहिलात." शेवटच्या आजारपणातसुद्धा एकदा बोलून गेले. ते हसले फक्त. त्याला आता तीन वर्षं झाली.

ते गेल्यावर एक कपाट मी न उघडताच भाच्याकडून खोक्यांत भरून घेतलं आणि सालेकसा तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयाला पाठवलं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे कळेल. तिथली ग्रंथपाल कुंदा पटले मला एका शिबिरात भेटली होती. वर्षभर तिचे निरोप येत, 'बाई, पुस्तकं घरोघरी पोचली.' आता तिला दुसरं कपाट हवं होतं. म्हटलं, आधी येऊन बघते, मग ठरवते.

गोंदियाला रात्री लॉजवर नुसती आडवी झाले. सकाळी स्टेशनबाहेर आलुपोहा खाल्ला. "मॅडम, तर्री डालूँ?" असं गाडीवाल्याने विचारलं आणि मी ऐटीत "डालो" म्हटलं. त्या लाल रश्श्याने माझी जी काही अवस्था झाली! आम्ही सांगलीकर तिखटाला घाबरत नाही अशी समजूत होती, ती तिथेच सोडून लोकलमध्ये बसले. राइस मिल मागे पडल्या आणि दोन्ही बाजूंना कापून मोकळ्या झालेल्या बांध्या (बांध घातलेली भातखाचरं) सुरू झाल्या. मधूनमधून पुंजणे (कापलेल्या धानाचे रचलेले ढीग) दिसत होते.

सालेकसाला कुंदा स्कूटी घेऊन उभी होती. पस्तिशीची, अंगावर स्वेटर, डोक्याला मफलर.

"या जी बाई. थंडी वाजून राहिली का?"

"थंडी नाही, तुझी स्कूटी बघून कापरं भरलंय."

ती मोठ्याने हसली. साग आणि मोहाच्या झाडांमधून आठ-नऊ किलोमीटर गेलो. मी डोळे मिटून तिचा स्वेटर घट्ट धरला होता. गाव आलं तेव्हा म्हटलं, "चल, आधी वाचनालय दाखव."

"आदी यमुनाबाईच्या घरी जाऊ जी. मंग लायब्ररीत."

तिने माझ्याकडे बघितलं नाही. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

यमुनाबाईंच्या सपरीत (पुढच्या पडवीत) सहा बायका मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत बसल्या होत्या. एकजण मात्र वळत नव्हती. ती वाचत होती, मोठ्याने, अडखळत आणि अगदी मन लावून. तिच्या वाटणीच्या बिड्या बाकीच्या पाचजणी वळून देतात, असं कुंदा कानात म्हणाली. मला भरून आलं. एकतीस वर्षांत असा वाचनकट्टा मला जमला नव्हता.

"बघू काय वाचताय," म्हणून मी हात पुढे केला.

हातात आलं ते पातळ चोपडं. तपकिरी कागदाचं वेष्टन, कडेला बिडीच्या दोऱ्याने घातलेली शिवण. उघडलं तर पान सत्त्याण्णव, वाक्याच्या मधूनच सुरुवात. एकशे चव्वेचाळीसवर वाक्याच्या मध्येच बंद. समासात पेन्सिलीचं अक्षर होतं, आणि त्यातल्या 'र'ला शेपटी होती. तसा 'र' जगात एकच माणूस काढायचा.

"हे कापलं कुणी?" माझा आवाज एवढा चढला की शेजारची शेळी दाव्याला हिसका देऊन उठली.

"मीनं," सत्तरीच्या यमुनाबाई शांतपणे म्हणाल्या. पानं कापायची कैची त्यांनी वर करून दाखवली. "ह्या कैचीनं. काऊन?"

काऊन (का) म्हणे! मी पानाचा कोपरा दुमडला म्हणून प्राध्यापकांना रडवलेली बाई. कुंदाकडे वळले. "तू मला लिहिलंस, पुस्तकं घरोघरी पोचली."

"पोचली ना जी," कुंदा मान खाली घालून म्हणाली. "पाच तुकडे केले एकेकाचे. चार घरोघरी फिरते. पाचवा लायब्ररीत ऱ्हायते, तो बाहेर जात नाई."

"सगळी पुस्तकं?"

"अकरा बाकी हाय."

"मला स्टेशनवर सोड. आत्ताच्या आत्ता."

"आता गाडी संध्याकाळीच हाय जी," ती बिचारी म्हणाली.

म्हणजे रागावून जायचीही सोय नाही. मी उंबऱ्यावर मटकन बसले. तेवढ्यात यमुनाबाई सूप बाजूला ठेवून माझ्याजवळ सरकल्या आणि निरखून बघत म्हणाल्या, "थांबा जी. तुमी सुधा का?"

माझं नाव त्यांना कुंदाने सांगितलं नव्हतं. ती मला बाईच म्हणते.

"तुम्हाला कसं कळलं?"

"सरानं लिवलं ना बाजूनं. 'सुधाचं थालीपीठ करपलं, पण बोललो नाही.'" सगळ्या हसल्या. दुसरी म्हणाली, "'सुधा घोरते, पण कबूल करत नाही,' हेबी हाय. 'सुधाने हे लिहिलेलं पाहिलं तर दंड लावेल,' हेबी हाय. आमी बाजूचंबी वाचतो जी. कादंबरीपरीस तेच गोड लागते."

अगं आई गं! माझे कान तापले. पंचवीस-तीस वर्षांचा आमचा संसार ह्या बायका बिड्या वळता वळता वाचून बसल्या होत्या, आणि तो लिहिला गेलाय हेच मला ठाऊक नव्हतं. पुस्तकात लिहिलेलं मला खपत नाही म्हणून माणसाने ते माझ्यापासून लपवून ठेवलं होतं.

"पन एक सांगा," वाचणारी बाई म्हणाली. तिने चोपडं घेऊन पान एकशे बारा झटक्यात काढलं. "'आज सुधाला एक गोष्ट सांगायची होती. राहिली.' का गोष्ट होती जी? मंग सांगतली का?"

"मला नाही माहीत," मी म्हटलं. खरंच माहीत नव्हतं.

"आमी पंधरा दिवसांपासून इचार करून राहिलो, चारी भाग झाले तरी फिरून हेच वाचून राहिलो," यमुनाबाई म्हणाल्या. "आज कळन. आज बाजार हाय, ह्याच पुस्तकाचा शेवट हाय."

दुपारी त्यांनी मला जेवू घालूनच सोडलं. भात, लाखोळीच्या डाळीचं वरण, वांग्याच्या भाजीवर भरपूर सांबार (म्हणजे आपली कोथिंबीर), जवसाची चटणी. राग होता तरी दोनदा भात घेतला. भुकेपुढे कुणाचं काय चालतं! जेवताना कुंदा बोलत होती. सुरुवातीला तिने सगळं करून बघितलं होतं. भोंगा फिरवला, बॅनर लावला, पाहुणे बोलावले, पेढे वाटले. पेढे संपले की लोक जात. मग एकदा तिने घरी नेऊन दिलेल्या एका जुन्या पुस्तकाची शेवटची पानं गळून लायब्ररीतच पडली, आणि ह्याच यमुनाबाई ऊन तापलेलं असताना तणतणत आल्या, "शेवट कुठी हाय? शेवट दे माया!" आयुष्यात पहिल्यांदा त्या लायब्ररीची पायरी चढल्या त्या अशा.

"मले तवाच समजलं जी," कुंदा म्हणाली. "लोक पुस्तकासाठी नाई येत. शेवटासाठी येते."

खोली ग्रामपंचायतीची. सरपंचांनी तिला सांगून ठेवलंय, लोक येतात तोवर खोली तुझी, पुस्तकं सरली की आम्ही तिथे बारदाना (धानाची रिकामी पोती) ठेवू. अकरा पुस्तकं फागुनापर्यंत पुरतील, असा तिचा हिशेब. तिने विनवणी केली नाही. सांगून टाकलं आणि माझ्या ताटात वरण वाढलं.

मी म्हटलं, "एक पान देणार नाही, कुंदा." तिला वाटलं, कापाकापीचा राग आहे. तो तर होताच. पण आता सांगलीच्या त्या बंद कपाटात आमचे हे बोलत बसलेले होते, आणि ते मी कुणाच्या कैचीखाली का द्यावेत?

तीन वाजता लायब्ररीत गेलो. पंचायतीमागे एक खोली, दोन लोखंडी कपाटं, एक सतरंजी. चौथ्या भागाच्या शेवटच्या पानावर लाल शाईने लिहिलेलं असतं, 'शेवट लायब्ररीत मिळेल. बाजारच्या दिवशी, तीन वाजता.' दाराशी टोपल्या, पिशव्या, वांगी, सुकी मासळी ठेवून माणसं आत येऊन बसत होती. बाया, म्हातारे, दोन-तीन तरणे गडी. खोलीत जागा उरली नाही तेव्हा उरलेले खिडकीबाहेर उभे राहिले. आमच्याकडे रविवारच्या व्याख्यानाला वक्ता आणि मी धरून अकराजण असायचो.

कुंदाने कुलूप काढून पाचवा भाग आणला आणि माझ्यापुढे धरला. "तुमीच वाचा जी."

मी वाचलं. कादंबरीचा शेवट चांगला होता. नायिका परत आली, नायक वारला, सगळं रीतसर झालं. पण कुणी हललं नाही.

"आता बाजूचं," यमुनाबाई म्हणाल्या. "पेन्सिलीचं."

शेवटच्या पानाखाली चार ओळी होत्या. मी आधी मनात वाचून घ्यायला हवं होतं. सवयीने मोठ्याने वाचत गेले.

"हेडमास्तरकीचं पत्र आज परत पाठवलं. चंदगडला जावं लागलं असतं. सुधाला कळलं तर ती वाचनालय सोडून यायला निघेल. म्हणून सांगायचं नाही. पुस्तक बरं आहे."

बाहेर कुणीतरी टमाटर विकत होता, त्याचा आवाज तेवढा येत होता. मी ते पुन्हा वाचलं. आयुष्यभर मारलेला टोमणा एका दमात माझ्यावरच येऊन आदळला. आणि ते हसले होते, दवाखान्यातल्या खाटेवर!

यमुनाबाई म्हणाल्या, "अन् तुमी त्याईले पुस्तकात लिवू नाई देत होत्या."

त्यांनी विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. मी सगळ्यांसमोर रडले. लाज वाटली नाही. यमुनाबाईंनी पाठीवर हात ठेवला, त्याला तंबाखूचा वास होता. मग मागून एका म्हाताऱ्याने हळूच विचारलं, "पुढलं पुस्तक कोनतं हाय जी?" कुंदा माझ्याकडे बघत राहिली. मी पिशवी उचलली. संध्याकाळच्या गाडीने परत निघाले.

परतीच्या प्रवासात मी ह्यांच्याशी कडाडून भांडले. सांगायला काय झालं होतं? मी आले असते की चंदगडला! शेजारच्या बाईंनी दोनदा विचारलं, "काही म्हणालात का?"

घरी येऊन कपाट उघडलं. पहिल्याच पुस्तकाच्या तिसऱ्या पानावर पेन्सिल होती. तीन दिवस मी त्या कपाटासमोर बसून काढले. माझं मन म्हणत होतं, ठेव सगळं, हे तुझं आहे. पण सांगलीच्या घरात ते वाचायला मी एकटी. तिकडे सतरंजीवर ती सगळी माणसं ह्यांचं बोलणं ऐकायला बसणार होती, आणि नाही बसली तर तिथे पोती येणार होती.

चौथ्या दिवशी बाजारातून कैची आणि जाड दोरा आणला. पहिलं पुस्तक कापताना कैची भलतीकडेच गेली आणि पान सोळा तिरकं कापलं गेलं. दहाव्या पुस्तकापर्यंत हात बसला. प्रत्येकाचे पाच भाग केले, शिवले, चौथ्याच्या शेवटी लाल शाईने ते वाक्य लिहिलं. खोकी भरून पाठवली, आणि आठवड्याने कुंदाचा फोन आला.

"बाई, चार-चारच भाग हाय जी. शेवटले कुठी गेले?"

"माझ्या कपाटात. कुलूप लावलंय. बाजारच्या दिवशी मी घेऊन येईन, एका खेपेला चार-पाच."

ती ओरडली, "बाप्पा! असं कोनी करते का जी?"

"तूच करतेस. सरपंचांना सांग, बारदाना दुसरीकडे ठेवा."

परवाचं महाराष्ट्र एक्स्प्रेसचं तिकीट काढलंय. पिशवीत दशम्या आहेत, चटणी आहे, आणि पाच पुस्तकांचे शेवट आहेत. पहिल्या चार-चार भागांतली सगळी पेन्सिल मी पाठवण्याआधीच वाचून काढली. एका पुस्तकात तर त्यांनी लिहिलंय, 'सुधाचा एक गुन्हा आज माफ केला.' कोणता, ते पुढे कुठे आलेलं नाही. बहुतेक शेवटी असेल. रोज रात्री हात पिशवीकडे जातो. पण उघडलेलं नाही. शेवट लायब्ररीत, सगळ्यांबरोबर, तीन वाजता. नियम म्हणजे नियम.