पहिल्या धारेचे ब्रेक

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. लग्नाच्या पहिल्याच वर्षी सासूबाईंनी आमच्या ह्यांना बजावलं होतं, "हिच्याशी जपून बोल रे बाबा." ह्यांनी तो सल्ला इतका मनावर घेतला की त्यापायी एक दिवस जीवावर बेतलं.

तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम जोरात चालू होतं तेव्हाची ही गोष्ट. हे तिथे इंजिनियर होते आणि मी पालघरच्या शाळेत शास्त्र शिकवत होते. आम्ही साताऱ्याकडची माणसं, इथल्या दमट हवेला सरावायलाच मला दोन वर्षं लागली. ह्यांचं मात्र इथे लगेच कुणावर तरी मन जडलं. बोईसरजवळ एका पारशी बागायतदाराच्या चिकूच्या वाडीत एक विलायती दोन सीटची गाडी धूळ खात पडली होती. युद्धाच्या आधीची. लांबलचक नाक, छप्पर नावापुरतं, आणि इंजिन असं की सुरू केलं की शेजारच्यांचं तान्हं बाळ दचकून उठायचं. मुंबईत ती म्हणे शर्यतींत धावली होती. ह्यांनी ती घेतली, महिनाभर घासूनपुसून चालती केली आणि रोज तिच्यातून तारापूरला जायला लागले.

गाडीला पळायची हौस होती, थांबायची नव्हती. तिचे ब्रेक तारेचे होते. पेडलपासून चारही चाकांपर्यंत पोलादी तारा गेलेल्या, पेडल दाबलं की त्या ओढल्या जायच्या. एक तार ताठ, दुसरी सैल, त्यामुळे ब्रेक लावला की गाडी आधी डावीकडे वळायची आणि मग मनात आलं तर थांबायची. एकदा उमरोळीजवळ गवताची बैलगाडी आडवी आली. हे पेडलवर अक्षरशः उभे राहिले, तरी आम्ही भाताच्या खाचरात जाऊनच थांबलो. चिखलातून साडी सावरत बाहेर येता येता मी जाहीर केलं, "एक तर ब्रेक बदला, नाहीतर गाडी विका."

गाडी विकणं शक्यच नव्हतं. बोईसर स्टेशनच्या मागे एका पंजाबी मिस्त्रीचं गॅरेज होतं. तो बांधकामावरचे ट्रक दुरुस्त करायचा. त्याने भंगारात निघालेल्या एका मोटारीचे ऑइल ब्रेक मिळवले. ऑइल ब्रेकमध्ये तारा नसतात. पेडल दाबलं की नळीतलं तेल दाबलं जातं आणि ते चारही चाकांवर सारखाच जोर लावतं. मिस्त्रीने तांब्याच्या नळ्या वाकवून वाकवून तीन आठवडे खपून ते सगळं आमच्या गाडीला बसवलं. मागच्या चाकांच्या जुन्या तारा तेवढ्या हँडब्रेकसाठी ठेवल्या. काम सुरेख झालं होतं. फक्त तेल नव्हतं.

ब्रेकचं खरं तेल तेव्हा बाहेरून यायचं आणि मुंबईतले दुकानदार महिना-दीड महिन्याचा वायदा करत होते. मिस्त्री म्हणाला, "अरंडी का तेल और स्पिरिट मिला लो, आधा-आधा. हमने फौज में यही डाला है."

एरंडेल घरात होतं. स्पिरिटची बाटली शाळेच्या प्रयोगशाळेत होती, पण ती मुलांसाठी. तिला हात लावणं माझ्या तत्त्वात बसत नव्हतं. दारूबंदीच्या दिवसांत गावठी दारू घरात आणणं मात्र बसलं. मला तेव्हा त्यात काही वावगं दिसलं नाही.

दर बुधवारी वाघोबा खिंडीजवळच्या पाड्यावरून एक वारली बाई आमच्याकडे लाकडाची मोळी घेऊन यायची. तिला मी म्हटलं, "मोहाची आणून दे. पहिल्या धारेची हवी." भट्टी लागली की सुरुवातीला जी उतरते ती पहिली धार, सगळ्यात कडक.

तिने मला खालून वर न्याहाळलं. "मास्तरीणबाय, तुमी पिनार?"

"गाडीला पाजायची आहे."

पुढच्या बुधवारी मोळीत लपवून तिने बाटली आणली. मी पळीत थोडी ओतून काडी लावली. छान निळी ज्योत उठली. झालं! जळतंय म्हणजे स्पिरिटच, असं मी ठरवून टाकलं. निम्मं पाणी असलेली दारूसुद्धा जळते, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं, पण त्या वेळी आठवायची गरज वाटली नाही. एरंडेलात ती ओतून मी बाटली खळखळून हलवली. मिश्रण ताकासारखं पांढरं झालं.

मिस्त्रीने बाटली उजेडात धरली. "मास्टरनीजी, ये सफेद क्यों हो गया? हमारा तो साफ रहता था."

"हलवल्यामुळे हवेचे बुडबुडे आलेत. बसतील," मी म्हटलं. ज्या आवाजात मी वर्ग गप्प करते त्याच आवाजात.

तो आणखी काही बोलणार होता. पण शेजारी उभ्या असलेल्या ह्यांनी हळूच मान हलवून त्याला नको म्हणून खुणावलं. ते मी पाहिलं आणि मला बरंच वाटलं. त्याने मुकाट्याने तेल भरलं.

चार दिवस ब्रेक अप्रतिम लागले. पालघर ते तारापूर रस्ता सपाट, गाडी नाकासमोर थांबायची. मी शिक्षकांच्या खोलीत दोन वेळा हा किस्सा सांगितला.

रविवारी ह्यांच्या एका पाहुण्या सहकाऱ्याला हायवेवरची बस पकडायची होती. साडेअकराला हे त्याला घेऊन मनोरला निघाले. जाताना म्हणाले, "दोन-अडीचपर्यंत परत येतो." मनोरचा रस्ता वाघोबाच्या खिंडीतून जातो. इकडून चढ, मग पलीकडे उतार, आणि परत येताना उलट. तेव्हाही माझ्या डोक्यात काही आलं नाही.

साडेबाराच्या सुमारास मी फडताळ आवरायला घेतलं. उरलेल्या मिश्रणाची बाटली मागे ठेवली होती. ती बाहेर काढली आणि हातातच राहिली. तिच्यात दोन थर झाले होते. खाली पिवळसर एरंडेल, वर पाण्यासारखं पातळ काहीतरी. कडक स्पिरिटमध्ये एरंडेल विरघळून एकजीव होतं. ते वेगळं झालं म्हणजे दारूत भरपूर पाणी होतं. तो पांढरा रंग हवेचा नव्हता. मिस्त्रीला तो दिसला होता आणि मी त्याला गप्प केलं होतं.

वरचा थर पळीत घेऊन मी स्टोव्हवर धरला. तो बघता बघता फसफसून उकळला. घाट उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवावे लागतात, चाकं तापतात, चाकाजवळच्या नळीत हीच पाणचट दारू उकळून तिची वाफ होणार होती. तेल दाबलं तर जोर चाकाला लागतो. वाफ दाबली तर ती नुसती आक्रसते आणि पेडल पोकळ होऊन खाली जातं. द्रव आणि वायू यांतला हा फरक मी दरवर्षी नववीच्या मुलांकडून घोकून घेत होते.

घर तसंच उघडं टाकून मी स्टँडवर धावले. मनोरची एसटी सुटायच्या बेतात होती. चढावर प्रत्येक वळणाला मी खिडकीतून दरीत पाहत होते, हिरव्या रंगाचं काही दिसतंय का म्हणून. आमची गाडी हिरवी होती आणि झाडंही हिरवी. चार वेळा मी झुडपालाच गाडी समजले. देवाचं नाव घ्यावं तर तेही धड आठवेना.

खिंडीत वाघोबाचं ठाणं आहे. तिथे प्रत्येक ड्रायव्हर क्षणभर थांबतो, उतरतो, शेंदूर लावलेल्या दगडापुढे सुपारी नाहीतर फूल ठेवतो आणि मगच उताराला लागतो. आमचे हे तेवढे थांबत नसत. "वाघ गेले, वाघोबा राहिला," असं म्हणून हसायचे आणि उलट वेग वाढवायचे. मनोरला धड पोचले असतील, तर घराकडचा उतार ते परत येताना इथूनच उतरणार होते. एसटी थांबली तशी मी उतरले.

कंडक्टर म्हणाला, "बाई, इथं उतरून करणार काय?"

"नवऱ्याला अडवायचंय," मी म्हटलं. त्याने घंटीची दोरी ओढली.

एसटी पलीकडे उतरून दिसेनाशी झाली. ठाण्यामागच्या झाडाखाली गवताचा भारा टेकवून कोणीतरी बसलं होतं. पाहते तर मोळीवाली बाईच. तिला पाहून माझा राग एकदम उसळला.

"तू दिलीस त्यात पाणी होतं!"

"मंग? दारूत पानी असतंच ना, बाय," ती शांतपणे म्हणाली. "पयल्या धारेतबी असतं. तुमी ईचारलं नाय."

खरंच विचारलं नव्हतं. मी तिच्याशेजारी मटकन बसले आणि गवतात तोंड खुपसून रडले. उद्यापासून एकटीने कसं जगायचं, इथपर्यंत मी जाऊन पोचले होते. तिने कमरेला बांधलेल्या पोकळ भोपळ्यातलं पाणी मला पाजलं.

दोन वाजून गेले असतील तेव्हा मनोरच्या बाजूने खालून इंजिनचा आवाज आला. आमचंच इंजिन, पण फार हळू. पहिल्या गियरमध्ये कण्हत कण्हत गाडी वळणावर आली. जिवंत आहेत! मी उठून धावणार तेवढ्यात गाडी ठाण्यापाशी थांबली. ह्यांनी हँडब्रेक दोन्ही हातांनी ओढला. उतरून रस्त्याकडेचा धोंडा उचलला आणि पुढच्या चाकाखाली लावला. मग त्यांनी बूट काढले, वाघोबासमोर उभे राहिले आणि डोळे मिटून हात जोडले.

लग्नाला सहा वर्षं झाली होती. ह्यांना कुठल्याही देवापुढे हात जोडताना मी पहिल्यांदा पाहत होते.

"अहो," मी हाक मारली.

ते केवढ्याने तरी दचकले. "तू? इथे?"

"ब्रेक कसे आहेत?"

"छान आहेत की." त्यांनी हसायचा प्रयत्न केला. "एकदम छान."

मी गाडीत बसले आणि पेडलवर पाय ठेवला. पेडल सरळ खालच्या फळीला जाऊन टेकलं.

"मनोरच्या उतारावर गेले," ते खाली बघत म्हणाले. "पाहुण्याला कळू दिलं नाही. हँडब्रेकवर आणली कशीबशी."

"मग मनोरलाच का नाही ठेवलीत गाडी? एसटीने यायचं होतं!"

"एसटीने आलो असतो तर तू विचारलं असतंस, गाडी कुठे. मग सांगावं लागलं असतं." ते बूट चढवायला लागले. "उद्या मिस्त्रीकडून गुपचूप तेल बदलून घेणार होतो. तुला कळलंही नसतं."

ती वारली बाई भारा डोक्यावर घेता घेता आमच्याकडे पाहत होती. ह्या माणसाला घाटाची भीती वाटत होती, ती मी आत्ताच डोळ्यांनी पाहिली होती. तरी तो घाट उतरणार होता, कारण त्याला माझी भीती त्याहून जास्त वाटत होती.

गाडी तिथे सोडून जाऊया, असं मी म्हटलं. ते म्हणाले, हँडब्रेक आणि पहिला गियर असला की हळूहळू उतरता येईल, फक्त एका माणसाने स्टिअरिंग धरायचं आणि एकाने हँडब्रेक. मी म्हटलं, "खरं सांगा. माझ्यासाठी नको, खरं सांगा. उतरता येईल?"

त्यांनी पुढे जाऊन उतार न्याहाळला. "येईल," ते म्हणाले. "पण मी सांगेन तेव्हाच ओढायचं, आणि सांगेन तेव्हाच सोडायचं. मधे बोलायचं नाही."

मी हँडब्रेकचा दांडा दोन्ही हातांनी धरला. ह्यांनी धोंडा काढला. पहिलं वळण आलं तसे ते माझ्यावर ओरडले, "ओढ!" सहा वर्षांत पहिल्यांदाच ओरडले.

मी ओढला.