मऊ लंगोटांचा घोळ

त्यांना सगळी गल्ली कडककाका म्हणायची. स्वभावामुळे नव्हे, त्यांच्या लाँड्रीतून आलेल्या शर्टाच्या कॉलरीमुळे. माणूस मात्र लोण्याहून मऊ, आणि नात झाल्यापासून तर पार वितळलेला. नातीचं पाळण्यातलं नाव काहीही असो, काका तिला ढमी म्हणत आणि ढमी त्याला हुंकार देई.

काकांची लेक दवाखान्यात एक्स-रे काढायची. तिची बाळंतपणाची रजा संपत आली होती, आणि जावईबुवा जहाजावर, अर्धं वर्ष समुद्रात. ठरलं असं, की रजा संपेल त्या सोमवारपासून ढमीनं दिवसभर आजोबांपाशी, लाँड्रीच्या मागच्या खोलीत राहायचं. बायको गेल्यापासून त्या खोलीत नुसता हँगरांचा ढीग पडून होता. काकांनी तो आवरला, भिंतींना रंग दिला, पाळणा टांगला. पुन्हा कुणीतरी आपलं माणूस इथे नांदणार, या आनंदात ते शिट्टी वाजवत इस्त्री फिरवू लागले.

आडवं आलं ते ढमीचं बूड. वापरून फेकायचे डायपर लावले की जांघेत लालबुंद पुरळ. शिवाय कचऱ्याच्या डब्यातून डोकावणारी ती गाठोडी पाहून काकांचा जीव वरखाली व्हायचा. वाकडा हँगरसुद्धा सरळ करून वापरणारा हा माणूस, त्याला ते पचावं कसं?

"एवढंसं पोर, आणि कचरा तिच्या वजनाहून जास्त!" ते म्हणाले. "कापडी घेऊ या."

"बाबा, ते धुणार कोण?"

"हे तू लाँड्रीवाल्याला विचारतेस?"

बापलेक दुकानात गेले. डायपरांवर हत्ती होते, ससे होते, काकांनी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. एकेक डायपर उलटा करून शिवणीवरून अंगठा फिरवला. पायाकडचं इलॅस्टिक स्वतःच्या मनगटावर चढवलं आणि वळ उमटतो का ते पाहिलं. "आजोबा, तुम्हालाच घालायचाय का?" दुकानातली मुलगी हसली. शेवटी बिनरंगी सुती कापडाचे, आत वेगळी जाड घडी घालायचे आणि बाळ वाढेल तसं पुढचं बटण लावायचे असे त्यांनी निवडले. निवड बावनकशी, वादच नाही. माती खाल्ली ती पुढे.

लाडकी नात म्हणून काकांनी पहिल्याच धुण्यात सॉफ्टनर ओतला. हात सैल सोडून ओतला, तोही गुलाबाच्या वासाचा. लंगोट इतके मऊ निघाले, की काकांनी ते गालाला लावून डोळेच मिटले.

ढमी मात्र सारखी ओली. झबलं ओलं, दुपटं ओलं, आईची मांडी ओली. "काही करा, पण कोरडी ठेवा," असं डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं, आणि इथे पूर आलेला. पुरळ पार पोटापर्यंत चढलं. लेक येता-जाता लंगोटात बोट घालून तपासायची आणि ओठ घट्ट मिटायची.

"बाबा, तुमच्यावर विश्वास नाही असं नाही," एका सकाळी ती म्हणाली, "पण अशा अवस्थेत मी तिला सोडून जाणार नाही. रजा वाढली नाही तर नोकरी सोडते."

त्या नोकरीसाठी लेक किती झटली होती, ते काकांनी पाहिलं होतं. आणि खरं सांगायचं तर, टांगलेला पाळणा रिकामा राहील ही भीती त्याहून मोठी होती. घाबरेघुबरे होऊन त्यांनी लंगोट पुन्हा धुवायला टाकले, आणि सॉफ्टनर घातला दुप्पट. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी!

वेळ वाचावा म्हणून त्याच मशीनमध्ये त्यांनी समोरच्या पार्लरचे टॉवेलही ढकलले. दुपारी पार्लरवाली तरातरा आली.

"काका, काय करून ठेवलंत हे? वासाला गुलाब, पण पाणी टिपतील तर शपथ! गिऱ्हाइकाच्या पाठीवरून ओघळ चाललेत."

"असं कसं होईल? टॉवेलांना मी सॉफ्टनर कधीच घालत ना..."

काका तिथेच थांबले. सॉफ्टनरचा मेणचट थर धाग्यावर बसला की कापड पाणी पीत नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं थोडंच! टॉवेलांच्या बाबतीत ते लोकांना शिकवायचे. पण लंगोटाचं कामही टॉवेलाचंच, हे काही आजोबांच्या डोक्यात शिरलं नव्हतं.

त्यांनी एक लंगोट उचलला आणि त्यावर तांब्यातलं पाणी ओतलं. अळवावरचं पाणी! थेंब घरंगळत खाली गेले.

"मेलो!" काका म्हणाले, आणि पाठोपाठ असे खदखदून हसले की पार्लरवाली दोन पावलं मागे सरली. लंगोट चांगले होते, निवड चांगली होती. चुकला होता तो लाड, आणि लाड धुऊन काढता येतो. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं त्यांना वाटलं.

मग कढत पाणी, अगदी जरासा साबण, आणि वास जाईपर्यंत पुन्हा पुन्हा कढत पाणी. पार्लरचे टॉवेलही ओघानं आलेच. गच्चीवरच्या उन्हात लंगोट वाळले तेव्हा हाताला जरा खरखरीत लागत होते, पण थेंब टाकला की गटकन पीत होते.

घरी जाऊन सांगणं मात्र जड गेलं. "पोरी, दोष लंगोटांचा नव्हता. तुझ्या बापाचा होता." सगळं ऐकल्यावर लेक आधी कडाडली, "आणि म्हणे लाँड्रीवाला!" मग तिलाही हसू आवरेना. बऱ्याच दिवसांनी त्या घरात कुणी असं हसत होतं.

ढमी कोरडी राहू लागली. पुरळ उतरत गेलं, आणि रविवारी तर ती पाय वर करून स्वतःचाच अंगठा चोखत बसली.

सोमवारी लेकीनं तिला लाँड्रीत आणून सोडलं. निघण्याआधी लंगोटात बोट घातलं, पापा घेतला आणि गेली. काकांनी सुटकेचा श्वास टाकला, तोच दार पुन्हा उघडलं. दारात लेक. काकांचा चेहरा उतरला; ही आता पोरीला परत घेऊन जाते की काय!

"ओळखपत्र राहिलं, बाबा!" पाळण्याजवळच्या पिशवीतून तिनं ते ओढून काढलं, ढमीच्या पोटाला गुदगुली केली आणि पळाली.

काका दाराकडे बघत राहिले. मग पाळण्यावर वाकले.

"पाहिलंस, ढमे? या खेपेला तपासलं नाही तिनं."

त्यांचे डोळे भरून आले. ते त्यांनी खांद्यावरच्या लंगोटानं पुसले, आणि त्यानं पाणी छान टिपलं.