हाड म्हणले उंटाला

खजूर गेला. माझ्याच तोंडच्या शब्दानं गेला. मी व्हॅनच्या दारात, पोरगी कडंवर, आन नुसती वरडतीया, "खजूर! खजूर!" चारी बाजूला पांढरी वाळू, एक झाड न्हाई.

झालं काय, सकाळी शेगडीवर चहा ठेवलेला, तेवढ्यात एक उंट आला आन त्यानं पिठाच्या डब्यात तोंड घातलं. मी घाबरून वरडले, "हाड! हाड हाड!" उंट हलला पण न्हाई. खजूर मातुर थबकला. माझ्याकडं बघितलं, शेपूट पायात घातली आन पळाला. उंटाला कुठं मराठी कळतंय. माझ्या कुत्र्याला कळतंय ना!

आई, तायडी तुला हे वाचून दाखवंल. आधी सगळं ऐक, मग शिव्या दे.

मी गाव सोडलं तवा तू एसटीच्या खिडकीतनं माझा हात धरून म्हणलीस, "कुणी दार वाजवलं तर उघडायचं न्हाई. आतनं कडी लाव." मी आठवी नापास, तेवढंच शिकून कतारला आले. अल मुंतझा वस्तीत एक खोली. हे ड्युटीवर, मी कडी लावून वर्षभर आत. मग पोरगी झाली. मग बिल्डिंगखाली खोक्यात हे पिल्लू घावलं, खजुराच्या रंगाचं. शेजारणीच्या पोरांशी मराठी बोललं तर इंग्लिशमधी उत्तर देत्यात. दिवसभर माझं ऐकायला हे एक कुत्रं. बस, ऊठ, गप, भाकर खा, सगळं कळतं त्याला.

ह्यांनी ब्रेड पोचवायची जुनी व्हॅन घेतली, मागं गादी टाकली. मी दोनदा फेल होऊन लायसन काढलं. थंडीत हे पंधरा-पंधरा दिवस साइटवर गेले की मी समैस्मा गावाच्या पुढं, उत्तरंला, माणूस नसतं तिथं जाते. लोक इचारत्यात, एकटी? एकटीच. तिथं दार दिवसभर सताड उघडं ठेवते, आई.

तर त्या दिवशी. शोधाय म्हणून गाडी काढली, चाक मऊ वाळूत रुतलं. पोरीचं दूध संपलेलं. मोबाइलची बॅटरी लाल. ह्यांना फोन केला तर म्हणाले, "कुत्रं ऱ्हाऊ दे, तू पोरीला घेऊन निघ!" आन फोन बंद पडला.

उंटवाला आला पिकअप घेऊन, राजस्थानचा म्हातारा. चाक वाळूतनं बाहेर काढून दिलं. त्यानं पण हाका मारल्या, "आ जा बेटा," मग अरबीत, "तआल, तआल!" काही न्हाई. म्हणला, "कैसा कुत्ता है बहन, ना हिंदी समझे ना अरबी!" मी रडता रडता हसले. "अब खलास. बच्ची भूखी है. मेरे पीछे चलो, रोड तक छोड़ता हूँ."

रस्ता ठाऊक असलेला तो एकच माणूस. मी म्हणले, "आप जाओ, भाईसाब."

तो गेला. बिस्किट पाण्यात कालवून पोरीला दिलं, तिनं थुंकलं. रडून रडून लाल झाली. आन मी खाली बसून, आपण वाड्यावस्तीवर बोलवतो तसं, "यू यू यू! ये रं राजा, तुला न्हाई म्हणले, त्या उंटाला म्हणले." गळा बसला तरी तेच. दुपार कलली तवा खजूर आला. पोट घासत आला, लांबच थांबला. येऊ का, असं इचारत असल्यागत.

पिकअपच्या चाकांच्या खुणा धरून रोडला लागले. पयल्या दुकानात दूध घेतलं. पोरगी बाटली सोडंना.

हे साइटवरनं आले, सगळं ऐकलं. मग म्हणाले, "कुत्र्यापायी पोर उपाशी ठेवलीस. आई हायस का कोण?" खरंच हाय ते. पोरीला त्या दिवसाची भूक आठवायची न्हाई. मला आठवंल.

तू फोनवर इचारतीस, तिथं घरासारखं वाटतं का गं. माझा शब्द ज्याला लागतो, ते माझं घर, आई. इथं अशी तिघंच हायती, हे, पोरगी आन खजूर. म्हाताऱ्याच्या मागं गेले असते तर पोर वेळंवर प्याली असती. आन खजूर वाळूत बसला असता, मी हाकलला समजून.

आन हे वाचणाऱ्या बायांनो, गावात ऱ्हायलेल्या आन माझ्यासारख्या लांब आलेल्या, खरं सांगा. तुम्ही काय केलं असतं?